सात्यांची जागा

ग्डान्स्क बंदर, जुलै १९५७

प्रिय कमळा,

गावाहून माझा दोस्त सोमाजीनं लिहिलं की तुझ्या बाबांनी तुझ्यासाठी वरोऱ्याचं स्थळ पाहिलं, अन् दिवाळीनंतर बार उडवायचा म्हणतात. त्यावर मी शेवटी लिहितो. आधी कालचा दिवस सांगू दे, मनात मावून नाई राह्यला.

आमचं जहाज पोलंड देशात लागलं आहे. घुग्घुसच्या खाणीत कोळसा काढायचो, इथी तोच जहाजाच्या भट्टीत टाकतो. काल सुटी होती. माझ्या भट्टीवरच्या बशीरले म्हटलं, चल, पायी गावाबाहेर जाऊ. मोठ्या लढाईत हे गाव पुरतं जमीनदोस्त झालं होतं, अन् लोक आता जशाचं तसं उभं करून राह्यले. बाया परांचीवर चढून विटा रचतात. जुनी नक्षीची चौकट सापडली की ती नव्या भिंतीत बसवतात. मी पाहतच राह्यलो. पडलेल्यावर इतका जीव लावणारी माणसं मले पहिल्यांदा दिसली.

गाव संपलं की टेकडी, अन् टेकडीभर रान. काय रान, कमळा! खोडं आपल्या धावड्यासारखी पांढुरकी, पण इतकी सरळ की वर पाहताना टोपी पडली. ऊनसुद्धा हिरवं होऊन खाली येते. बशीर रत्नागिरीकडला, समुद्राले भीत नाई, पण रानात सारखा मागं पाहे. वाघ निघाला तर काय, म्हणे. मी म्हटलं, तुले पुढं करीन, अंगानं तूच भरलेला आहेस. माथ्यावरून समुद्र दिसला तेव्हा कुठं तो माझ्या पुढं झाला.

उतरताना एक म्हातारी भेटली. टोपलीत पाहतो तर सात्या! रानातली अळंबीच, पण आपल्यासारखी पांढरी नाई, हळदीसारखी पिवळी. तिनं झटकन टोपलीवर रुमाल ओढला अन् मले हसू आलं. माझी मायही अशीच झाकते. वारुळावर सात्या फुटल्या की आपलं सारं गाव रानात जाते, पण आपली जागा कोणी कोणाले सांगत नाई. मी घर सोडलं तेव्हा माय एवढंच बोलली होती, "जागा घरच्यालेच सांगजो."

मी हातानं खुणा केल्या, आमच्याकडेही असंच. म्हातारी हसली अन् ओंजळभर सात्या देऊन गेली. मी भाजून खाल्ल्या. बशीरनं भीतीनं हात लावला नाई. सकाळी मले धडधाकट पाहून पस्तावला.

आता तुझं. माझा करार दिवाळीले सुटते, त्याच्या आधी येता येत नाई. हे पत्र पोचेल तोवर श्रावण लागला असेल. नाल्यापलीकडं वाकडा बेहडा आहे ना, त्याच्या मागं करवंदीच्या जाळीत जोडवारूळ आहे. ती आमची जागा. तुले वरोऱ्याले जायचं असेल तर विसरून जा, माझा राग नाई. जायचं नसेल तर तिथल्या टोपलीभर सात्या माझ्या मायच्या दारात नेऊन ठेव. बोलायची गरज नाई. त्या वारुळाच्या सात्या ती हातात घेतल्याबरोबर ओळखते. मग तुझ्या बाबांकडे ती स्वतःच येईल.

तू म्हणशील तर तुझाच,
दसरू