आईचा अपुरा पेला

अखिल-नुराता-प्रांगण-स्वामिनी, तंदूर-चक्रवर्तिनी, कुक्कुटकुल-भयंकरा, ज्येष्ठ भगिनी हासियत आपा यांस ताश्कंदस्थ सूचिधर शोमुरादचा सविनय सलाम.

माझी प्रकृती उत्तम असून उदर वर्धिष्णू आहे. सध्या मी आईची सकाळ भरतकामात उतरवीत आहे: अंगणातला सडा, तिचा झाडू आणि पेल्यात ओतून आमच्या रीतीने तीनदा किटलीत परत केलेला तो चहा.

आमच्या कारखान्याच्या प्रमुख मोहिरा आपा कडाडल्या, “अरे, झाडू कुणी भरतं का? डाळिंबं भर की!” मी निवेदन केले, की आमच्या घरी सूर्य झाडूनंतरच उगवतो.

घरच्यांचे आयुष्य वाढावे म्हणून रिवाजाप्रमाणे भरतकामात एक पान अपुरे ठेवतात. मी आईचा पेला अपुरा ठेवला.

“पान सोडतात रे, पेला नाही!” मोहिरा आपा म्हणाल्या. मग हळूच विचारले, “आईचा ताप उतरला का रे?”

तुझ्या पत्रात कोंबड्यांचा सविस्तर वृत्तांत आहे. या प्रश्नाचे उत्तर नाही. आईने झाडू हाती घेतला, की तत्क्षणी कळव.

तुझा आज्ञांकित, अपुरा कलावंत,
शोमुराद

ता. क. तू पाठवलेल्या चष्म्याची डावी काडी प्रत्येक घोटाला चहात पडते.