चिंचेनं घासलेलं नाणं

इल्फर्ड, लंडन,
१२ मार्च

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. हॉस्पिटलच्या ड्यूट्या जमतायत, जेवणही बहुतेक दिवस वेळेवर होतं.

रविवारी इथल्या नाण्यांच्या प्रदर्शनात चिली देशाचं १८३५चं सेंटाव्हो मिळालं. स्वतंत्र झाल्यावर त्यांनी पाडलेल्या पहिल्या तांब्याच्या नाण्यांपैकी एक, चांदणीवालं. तुम्ही वीस वर्षं शोधत होतात, तेच!

घरी आणून पाहिलं तर काळंकुट्ट. आई तांब्याच्या भांड्यांना लावायची तशी मी त्याला चिंच लावली. लख्ख निघालं. ज्यांच्याकडून घेतलं त्या आजोबांना मोठ्या कौतुकानं फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, "अगं, जवळजवळ दोनशे वर्षांचा रंग पाच मिनिटांत घालवलास! संग्रहाच्या दृष्टीनं ते आता वाया गेलं."

मग मी स्वयंपाकघरात बसून खूप रडले. नुसत्या नाण्यासाठी एवढं रडू येत नाही, बाबा.

आई गेल्यापासून तुम्ही नाण्यांचा अल्बम उघडला नाहीत, असं दादा सांगतो. माझा फोनही तुम्ही उचलत नाही. बीपीची गोळी घेता ना?

नाणं सोबत पाठवतेय. मला भरपूर रागवा. पण पत्रातून नको, फोन करून रागवा.

तुमची,
वरदा