म्हाळाचं पान

१४ सप्टेंबर

चुका झाल्या तर माफ करा. आठवीत शाळा सोडली, आन फोनवर एकाच बोटानं लिवते, लई वेळ लागतो. मला बोलायची लाज वाटते, म्हणून शाळंतल्या शिल्पाबाई म्हणायच्या, रोज लिवत जा.

मी तुळजा, गुंद गावची. आज रामनगरात आले! शिलाईच्या दुकानात हुक-काजाचं काम मिळालंय. ऱ्हायला अनुसयाअक्कांकडं. त्याबी भाडेकरूच, रिकामी खोली मला दिली. मालक महाबळेश्वरअण्णा खाली ऱ्हात्यात. पोटभाडेकरू ठेवायचा न्हाई, अशी त्यांची ताकीद. अक्का म्हणाल्या, कुणी इचारलं तर भाची म्हण. तुझं तोंड तर उघडतच न्हाई, मग भ्या कसलं! आन हसल्या. खोली निळी हाय. खिडकीत फणस. जल्मात पयल्यांदा माझी येगळी खोली.

१७ सप्टेंबर

खोली अक्कांच्या लेकीची, सुप्रियाची. दोन वर्सामागं तापानं गेली. सतराची, माझ्याएवढीच. कपाटात तिचे कपडे तसेच हाईत. भाकरी थापताना अक्का तिचंच सांगत्यात. ती डावखुरी, म्हणून मीठ-लोणचं उलट्या बाजूला वाढायचं. मी नुसती ऐकते. त्यांना तेवढंच पुरतं.

२१ सप्टेंबर

आज सुप्रियाचा म्हाळ. अक्कांच्यात तिच्या वयाची पोर जेवाय बसवत्यात. ठरलेली पोर आलीच न्हाई. अक्का गॅसपाशी रडत बसल्या. मग म्हणाल्या, तू बसशील का गं बाळा. न्हाई कसं म्हणू? तिचा हिरवा ड्रेस घातला, केळीच्या पानावर जेवले.

आमच्यात म्हाळाला जेवलेलं माणूस मागं न बघता आपल्या घरी जातं. मेलेलं माणूसबी त्याच्या मागनं घराभाईर पडतं. मी हात धुतला आन खोलीत गेले. माझं घर हितंच की.

२२ सप्टेंबर

जिन्यात अण्णा भेटले. त्यांनी हे घर औंदाच घेतलंय, जुनं कायबी म्हाईत न्हाई. ही कोण, म्हणाले. अक्का म्हणाल्या, माझी लेक, सुप्रिया. भाची म्हणायचं ठरलं हुतं.

२४ सप्टेंबर

दुकानात मालकीण भाग्यलक्ष्मीताई वरडल्या, हुक सगळे उलटे लावलेस. सुई डाव्या हातात हुती. उजव्यानं धागा ओवाय बघितला. जमंना.

अक्कांना सांगिटलं. त्या घाबरल्या न्हाईत. माझ्या डाव्या हाताचे मुके घेत रडत ऱ्हायल्या. पळावं वाटलं. पण ते रडणं बघून हात सोडवून घेता येईना.

२६ सप्टेंबर

आईचा फोन. मी बोलले. आई म्हणाली, तुळजाला द्या. मीच तुळजा, म्हणाले. ती म्हणाली, चेष्टा नको बाई, माझ्या पोरीला द्या. मग रडाय लागली. मीबी —

उद्या सकाळच्या बशीनं गुंदला जाते. अक्कांना सांगत न्हाई.

२७ सप्टेंबर

बस आली. पाय उचलंना. ती एकटी जेवणार आज — परत आले. दारातच तोंडातनं आई निघालं. अक्कांनी नुसतं जवळ घेतलं. लई दिसांनी — न्हाई. मला कुठं आधी —

२९ सप्टेंबर

आई भात वाढतीया. बरं वाटतंय. रडू का येतंय म्हाईत न्हाई.

आत्ता मेसेज आला. नंबरावर दादा म्हणून लिवलंय. म्हस व्याली, रेडी झाली, दोघीबी बऱ्या हाईत, खरवस खायाला ये गं तुळजे.

कुणाची म्हस? मला दादा कुठला? आईला मी एकलीच. ही तुळजा कोण —