वैशालीने धरलेलं मनगट

रविवार संध्याकाळ, नेरूळ

मालवणहून दुपारी परत आलो. बॅग अजून उघडली नाही. मनगटावर वैशालीच्या बोटांचे वळ आहेत, तेच बघत बसलेय.

काल सकाळी छान ऊन होतं. पाठीला हवेचे सिलिंडर लावून आम्ही मित्रमंडळी किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरलो. मासे अगदी स्पष्ट दिसत होते. दुपारी आभाळ भरून आलं, मग परत ऊन पडलं, आणि मला पुन्हा उतरायचंच होतं. वैशाली इथल्या दिवाळे कोळीवाड्यातली, तिच्या बाबांची होडी आहे, समुद्र तिला कळतो. ती म्हणाली, "वारा फिरलाय. पाणी गढूळ होईल, नको." मी सगळ्या मित्रांसमोर हसले. "कोळ्याची पोर असून घाबरतेस?" असं कसं बोलले मी?

तरी ती माझ्यासोबत उतरली. खाली दहा मिनिटांत काही दिसेना. दिशा कळेना, श्वास वाढला, आणि मी घाबरून सरळ वर जायला निघाले. तसं झपाट्याने वर येणं फुप्फुसांना किती धोक्याचं, ते माहीत असूनही. तिने मनगट धरलं, ते किनारा लागेपर्यंत सोडलं नाही. हे वळ उगाच नाही उठले.

परतताना गाडीत माफी मागायचं धाडस झालं नाही. आत्ता फोन केला, तर तिच्या आईने उचलला. "वैशू झोपलीय गं. सांगत होती, पानी खराब झालं, पन तू लय धीराची हायस."

मी "हो काकू" म्हणाले. चक्क हो म्हणाले! उद्या दिवाळ्याला जाते, वैशालीची माफी मागते आणि काकूंना खरं काय ते सांगते.