आर्वोच्या नावाने चालवलेले घर

मी, वेइक्को लाहतिनेन, वय चोवीस, राहणार थंडर बे, टायरच्या दुकानात कामाला, हे लिहितो तेव्हा माझे डोके ठिकाणावर आहे. आज शनिवार आहे, हे मी दोनदा पाहून घेतले. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. येत्या मंगळवारी सकाळी साडेसातला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धोका कमी आहे. किती, ते मी विचारले. त्यांनी सांगितलेला आकडा मला कमी वाटला नाही. दहावीत शाळा सोडली, त्यामुळे कायद्याची भाषा चुकल्यास अर्थ लक्षात घ्यावा. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. या कागदाप्रमाणे सर्व काही पार पाडण्याचे काम माझी मावसबहीण ताइना कोर्पेला हिने करावे.

२. बँकेतली शिल्लक व माझ्या खोलीतले सामान आईला. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, भट्टीचे दार आधी उजवीकडे ढकलून मग ओढावे, नाहीतर अडकते.

३. माझी पान्यांची पेटी दुकानालाच द्यावी. तिच्यातला सर्वांत मोठा पाना किती आवळले त्याचे माप चुकीचे दाखवतो. त्याने कोणाचेही चाक घट्ट करू नये.

४. रेइनोमामांना काहीही नाही. माझा मोठा भाऊ आर्वो मार्च २०२२ मध्ये बर्फावरच्या स्कूटरसकट तळ्यात गेला. त्याच्या दफनानंतरच्या जेवणात मामा सर्वांदेखत म्हणाले, "दिवसभर कॉम्प्युटरच्या पडद्यात तोंड खुपसून बसायचा. त्याला खरा बर्फ कसा कळणार?" आर्वो आठव्या वर्षापासून त्या तळ्यावर मासे धरत होता. त्या आठवड्यात नदीच्या मुखाशी बर्फ आतून पोखरला होता. मामा स्वतः रोज पाच तास पत्ते कुटतात.

५. आर्वोचा कॉम्प्युटर ताइनाला. मात्र आठवे कलम पुरे झाल्यावरच.

६. आता खरी गोष्ट. आर्वो 'सात बेटे' नावाचा खेळ खेळायचा. त्यात बंदरावर त्याचे घर आहे, दोन मजली. त्या खेळाचा नियम असा की पंचेचाळीस दिवस मालक घरात शिरला नाही तर घर पाडतात आणि जागा दुसऱ्याला जाते. आर्वो गेल्यावर एकेचाळिसाव्या दिवशी हे माझ्या लक्षात आले. आई म्हणाली, "तेवढं तरी राहू दे रे त्याचं." म्हणून मी त्याच्या नावाने आत गेलो. मालक आला की मित्रमंडळींना कळते. ते कळवणे आधी बंद करायचे असते. मी केले नाही, ही माझी चूक.

लगेच अक्षरे उमटली : "कुठे उलथला होतास रे? मला वाटलं, लग्नबिग्न केलंस."

ती डेल्फिन थिबोडो. लुइझियानात एकटी राहते, पूर्वी शाळेची बस चालवायची, आता पाय गेले आहेत. खेळात ती पळते. आर्वो तिला चार वर्षांपासून ओळखत होता. मी लिहिले, "इंटरनेट बंद होतं."

तेव्हापासून रोज साडेचारला मी आर्वो आहे. डेल्फिन लढते, आर्वो तिच्या जखमा भरतो. ते मला त्याच्याइतके जमत नाही.

"हात जड झाले का तुझे? आज मेलेच असते मी."

"वय झालं."

"तुझं? मग मी काय, दगड?"

तिला सांगितलेले सर्व मी वहीत लिहितो, म्हणजे पुढे विसंगती येऊ नये. ही तिसरी वही. तिच्यात आर्वोला नवी नोकरी लागली आहे, कुत्रा आहे, दाताचे दुखणे आहे. जूनमध्ये तिने त्याला तिसाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. आर्वो सव्वीसच वर्षांचा आहे. मी आभार मानले.

खरे सांगायला मी चारदा बसलो. चौथ्यांदा तिचेच आधी आले : "दिवसभरात 'जेवलीस का' असं विचारणारा तू एकटाच आहेस." मी लिहिलेले पुसले आणि विचारले, जेवलीस का.

दुसरे कारणही लिहितो, कारण इथे लपवले तर हा कागद खोटा ठरेल. आर्वो म्हणून मला विनोद सुचतात. एकदा ती म्हणाली, "तुझा तो धाकटा भाऊ कसा आहे? घुम्या?" मी लिहिले, "बरा आहे."

७. माझ्या पश्चात हे काम ताइनाने करावे, असे मी कच्च्या कागदात लिहिले होते. ते कलम रद्द. ताइना आमच्या स्वयंपाकघरात वाचून म्हणाली, "मेल्यावरही ड्यूटी लावतोस? मी आर्वो होणार नाही. आणि तूही नाहीस."

"घर पाडतील."

"पाडू देत. मावशीला मी समजावते. त्या बाईला तू सांग."

"नाही जमत."

"तुला कधीच जमणार नाही, वेइक्को. हे लिहून घे."

८. म्हणून लिहून घेत आहे. डेल्फिनला लिहिलेले पत्र ताइनाकडे दिले आहे. त्यासाठी खेळात मी माझ्या स्वतःच्या नावाने खाते उघडले आहे. मंगळवारी सव्वाआठला, म्हणजे मला भूल दिल्यानंतर, ताइनाने ते त्या खात्यातून पाठवावे. त्या वेळी डेल्फिनची शेजारीण तिला इन्सुलिन द्यायला आलेली असते, त्यामुळे ती एकटी नसेल. आर्वोचा पासवर्ड ताइनाने बदलावा व मला सांगू नये. आज मी त्या घरात शेवटचा जाऊन आलो. डेल्फिनला सांगितले की दाताचे काम आहे, मंगळवारपर्यंत येणार नाही. घर ३० डिसेंबरला पाडले जाईल. ते वाचवायला कोणीही आत जाऊ नये. आईनेही नाही.

हे कलम माझ्या मरणावर अवलंबून नाही. मी वाचलो तरी ते पाळावे. सोमवारी मी ताइनाला फोन करून पत्र पाठवू नकोस म्हणेन, हे मला आजच माहीत आहे. कदाचित रडेनही. तिने ऐकून घ्यावे आणि सव्वाआठला पत्र पाठवावे.

वरील सर्व मी वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही : वेइक्को लाहतिनेन

आमच्यासमोर सही केली. आम्हा दोघांना या कागदाने काही मिळत नाही.
१. लेम्पी सारी, शेजारीण
२. डंकन मोरो, दुकानातले सहकारी

थंडर बे, ऑन्टारियो
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५