सतरा नंबर आणि पाळीव बुरशी

४ फेब्रुवारी

पुन्हा टाळ्या! आमच्या सतरा नंबरच्या औषधानं टोमॅटोवरचा करपा म्हणे शंभर टक्के रोखला. साहेब हरितगृहात असे मिरवत होते, जणू सगळी रोपं त्यांच्याच लग्नाला जमलीयत. मागे होयबा. तोही संशोधकच, पण त्याचं खरं नाव वापरायची वेळच येत नाही. ‘सर, ही तर क्रांती!’

मी कोपऱ्यातला ट्रे बघितला. करप्याची बुरशी त्या रोपांवरही सोडली होती, फक्त औषधाऐवजी साधं पाणी फवारलं होतं. ती रोपं मरायला हवी होती. हिरवीगार!

म्हणजे पाण्यानंही करपा शंभर टक्के रोखला. मग पाण्याचंच पेटंट घ्या की!

५ फेब्रुवारी

साहेबांना तो ट्रे दाखवला. ‘तिथे दमटपणा कमी पडला असेल. अहवालातून काढून टाका.’ काढून टाका! होयबानं तर ट्रेच उचलून बाहेर नेला.

९ फेब्रुवारी

कारण सापडलं. आमची बुरशी वर्षानुवर्षं एका काचेच्या बशीतून दुसऱ्या बशीत वाढवलेली. आयतं खाऊन रोग पाडायचंच विसरलीय — इथल्या माणसांसारखी! हिला मारायला औषध कशाला? डोळे वटारले तरी मरेल.

आणि एवढ्या भांडवलावर सतरा नंबर बाजारात जाणार. लोक भरवशानं फवारणार आणि डोळ्यांदेखत पीक काळं पडणार. यासाठी शिकले मी?

आईचा फोन. ‘घरात कॉलेज बघितलेली तू पहिली. जरा साहेबांचं ऐकत जा गं.’ ऐकायचंच होतं तर घरीच बसले असते!

१४ फेब्रुवारी

मामांच्या टोमॅटोवर करपा पडलाय. मुद्दाम गेले. मी पिशवी पुढे केली, तर मामी पोट धरून हसायला लागली. ‘अहो, बघा तरी! भाची एवढ्या लांबून आली आणि मागतेय काय, तर सडकं पान!’

२६ फेब्रुवारी

जिंकले! मामांच्या पानावरची बुरशी खरी निघाली. जिवंत, भुकेली. पाण्याची रोपं काळी. सतरा नंबरची रोपंही तितकीच काळी. दोन्ही ट्रे नेऊन थेट संचालकांच्या टेबलावर ठेवले.

साहेब चाचरत म्हणाले, ‘पान एकाच शेतातलं आहे. आणखी चार ठिकाणची आणा, मग बोला.’ आता आठवलं यांना शास्त्र! शुद्ध वेळकाढूपणा. मी तसं तोंडावर सांगितलं. संचालकांनी सतरा नंबर तिथेच बंद केलं.

बाहेर पडताना होयबा कानाशी — ‘मॅडम, मला तर पहिल्यापासून शंका होती हं!’ कुठून येतात अशी माणसं?

३ मार्च

साहेबांची गोदामावर बदली. त्यांची खोली मला. खुर्ची आधी पुसून घेतली.

१९ एप्रिल

आज साहेब चार ट्रे माझ्या टेबलावर ठेवून गेले. चार वेगवेगळ्या शेतांतली पानं आणून गोदामामागे त्यांनी एकट्यानं चाचणी केली होती. चारही ट्रेंत पाण्याची रोपं काळी, सतरा नंबरची हिरवी.

मामांना फोन लावला. टोमॅटोवर काय फवारत होता? पान खुडतानाच विचारायला हवं होतं.

‘अगं, तुमच्याच कंपनीचं! मागच्या हंगामात तुमचा माणूस डबा देऊन गेला, वापरून बघा म्हणून. सतरा आकडा होता वर. पुरावं म्हणून पातळ करून करून मारलं. आधी काय छान लागू पडायचं! मग हळूहळू कमीच झालं.’

थोडं थोडं पाजून त्यांनी बुरशीला ते पचवायला शिकवलं. आणि मी पान आणलं ते नेमकं त्या शेतातलं.

धावत संचालकांकडे गेले. त्यांनी मान वर केली नाही.

‘बाई, ते तुम्हीच गाडलंत ना? आता त्याचं नाव काढू नका.’