यंदाचा निकोलाउस

प्रिय व्हेरेना,

माझं अक्षर तुला लागत नाही हे ठाऊक आहे, तरी फोन केला नाही. फोनवर तू मला डॉक्टरीणबाईसारखी गप्प करतेस. कागदाला ते जमत नाही.

गावाचं ऐक. म्हाताऱ्या ओटमारचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा पाच डिसेंबरला पोरांना खाऊ वाटणाऱ्या संत निकोलाउसचं सोंग आता कोण घेणार म्हणून चर्चमध्ये काथ्याकूट झाला आणि कोर्बिनियानचं नाव निघालं. उंच माणूस, खर्जातला आवाज, दाढीसुद्धा स्वतःची. सगळ्यांनी माना डोलावल्या. उन्हाळ्यात त्यानं मुलांना गाणं शिकवणं एकाएकी सोडलं, ते का, हे कुणी तेव्हाही विचारलं नाही. त्याची बायको मात्र मला गाठून सांगते, तुमच्या व्हेरेनाचे उपकार, माझ्या माणसाला आता झोप लागते. बिचारीला वाटतं तो झोपेसाठी तुझ्याकडे येतो. मलाही तसंच वाटत होतं.

मागच्या रविवारी तू जेवायला आलीस. मी सहज त्याचं नाव सांगितलं आणि तुझा काटा ताटातच राहिला. मग म्हणालीस, माझ्या लेनीला यंदा निकोलाउस नको, तिला सर्दी होते. पोर समोर धडधाकट बसून पाव खात होती. भांडी विसळताना मी सरळ विचारलं, तर म्हणालीस, "आजी, त्यानं काही केलंच आहे असं नाही. उपचार घेतोय. मी तोंड उघडलं तर मनात असलं काही असणारा एकही माणूस पुन्हा डॉक्टरची पायरी चढणार नाही."

खरं असेल. मी चारच बुकं शिकलेली बाई. मुलांपासून लांब राहीन, असं तू त्याच्याकडून कबूल करून घेतलं असशील, तेही ठीक. पण शहरात राहून तू विसरलीस, की निकोलाउस होणं याला आपल्याकडे कुणी मुलांमधलं काम समजत नाही. सण समजतात. अंगणात शिंगवाल्या क्रांपुस राक्षसाच्या साखळ्या खळखळतात आणि पोरं भेदरून निकोलाउसच्याच मांडीवर चढतात. त्याआधी आयांनी दारातच त्याच्या कानात सांगितलेलं असतं, कोण अंथरूण ओलं करतं, कोण खोटं बोलतं. पोराला वाटतं, याला माझं सगळं कळतं. अशा माणसाविरुद्ध कुठलं पोर तोंड उघडेल?

फादरकडे जाऊन आले. म्हटलं, दुसरा माणूस बघा. म्हणाले, "का हो क्रेसेंझबाई, त्यानं तुमची कोंबडी चोरली का?" मी काय सांगणार? मला काही माहीत नाही, आणि जिला माहीत आहे ती बोलत नाही. काल शेजारच्या ट्राउडलनं विचारलं, लेनी सणाला येणार ना, आमच्या जुळ्यांना तिच्यासोबत धीर येतो. मी तुझं सर्दीचं निमित्त तिला ऐकवलं. तोंड कडू झालं.

म्हणून लिहिते आहे. त्याच्यापासून धोका नाही असं तुला खरंच वाटत असतं, तर लेनी आली असती. तुझा निकाल कधीच झाला आहे, फक्त तो तू एकाच पोरीपुरता लावलास. कुणाशी बोलायचं, त्याच्याशी, फादरशी की पोलिसांशी, ते तू ठरव. शिकलीस ती कशाला? पण पाच डिसेंबरला अंधार पडायच्या आत बोल. नाहीतर मी काठी टेकत दारोदार जाईन. त्याच्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. एवढंच सांगेन, की माझ्या डॉक्टर नातीनं स्वतःची पोर पाठवली नाही. पुढचं आयांना सांगावं लागत नाही.

तुझीच, पण यात तुझ्या बाजूची नसलेली,
आजी